बॅरल मागवण्याआधी पुढचा स्क्रू तपासावा

नमस्कार.

आपला मजकूर दोनदा वाचला. पॉइंट टू-टू (.22 बोअर) रायफल दोन वर्षांपासून आपल्या परवान्यावर आहे, दिवाळीपासून ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरील छिद्रांचा पुंजका, मोठा येऊ लागला आहे, आणि लांब पल्ल्याच्या शिकारी रायफलींविषयीचे परदेशी लेखन वाचून आपण आधी नवे बॅरल (नळी), मग ॲल्युमिनियमचा स्टॉक (दस्ता), मग हलका ट्रिगर आणि शेवटी पंचवीस पटींची दुर्बीण अशा क्रमाने सुटे भाग निवडून रायफल नव्याने उभी करण्याचे ठरवले आहे. हा क्रम मला चांगलाच ओळखीचा आहे, कारण 2018 च्या पावसाळ्यानंतर मीही बॅरलपासूनच सुरुवात केली होती आणि त्यात माझे सव्वा वर्ष, बरेचसे पैसे आणि राज्य स्पर्धेचा एक पूर्ण हंगाम गेला. क्लबचे सदस्यत्व, परवान्याचे नूतनीकरण, घरातील कुलूपबंद कपाट या गोष्टी आपणास ठाऊक असणारच, म्हणून त्यांवर लिहीत नाही. मी वकील नाही आणि बंदूक दुरुस्तीचा परवानाही माझ्याकडे नाही. खाली लिहिले आहे ते सतरा वर्षे नाशिकच्या रेंजवर पालथे पडून राहिलेल्या एका हौशी नेमबाजाचे मत आहे, एवढे धरूनच ते वाचावे.

आपण वाचलेले लेखन चुकीचे नाही, ते वेगळ्या मुलखाचे आहे. तिकडे सहा-सातशे मीटरवरील मोठ्या हरणासाठी 6.5 क्रीडमूर किंवा 300 विंचेस्टर मॅग्नम यांसारखे काडतूस आधी ठरते, त्यातील गोळीच्या लांबीवरून बॅरलच्या आट्यांचा, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतील खाचांचा, पीळ ठरतो, डोंगर चढायचा असल्याने वजन कमी करण्यासाठी कार्बन तंतूंचे वेष्टण येते, आणि उजेड कमी असताना जनावर ओळखता यावे म्हणून महागडी दुर्बीण येते. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आज हौसेची शिकार उरलेली नाही. पिकांची नासाडी करणाऱ्या जनावराबाबत अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो आणि तो विषय निराळा आहे. आपला पल्ला 50 मीटरचा आहे. आंतरराष्ट्रीय नियमांच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालत नाही, मागे छिद्राची साइट आणि पुढे वर्तुळ एवढेच चालते, त्यामुळे दुर्बिणीचा खर्च आपण आजच यादीतून खोडावा. पिळाचा प्रश्नही नाही, कारण पॉइंट टू-टू लाँग रायफल काडतुसासाठी सोळा इंचांत एक फेरा हे प्रमाण ठरून गेलेले आहे आणि बहुतेक नामांकित कंपन्यांच्या मॅच (स्पर्धेच्या) बॅरलमध्ये साधारण तेच मिळते.

त्या लेखनातील एक गोष्ट मात्र इथे लागू केल्यास घात होईल. तिकडे बॅरल बदलणे हे मोटारसायकलचा सायलेन्सर बदलण्याइतके सहज लिहिलेले असते. आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्यात अग्निशस्त्राच्या व्याख्येतच त्याचे सुटे भागही येतात, आणि कलम 5 नुसार बनवणे, विकणे, बदल करणे, दुरुस्त करणे यांसाठी स्वतंत्र परवाना लागतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगाला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. त्यामुळे एखाद्या ओळखीच्या माणसाने नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतील लेथवर चेंबर (काडतूस बसते ती जागा) थोडे साफ करून देतो असे सांगितले, तर चहा पिऊन परत यावे. नाशिकमध्ये सुबक यंत्रकाम करणारे हात पुष्कळ आहेत, म्हणूनच हा मोह इथे जास्त होतो.

आता माझी चूक सांगतो, कारण आपल्या मजकुरातील एका वाक्याने मी थबकलो. आपण लिहिले आहे, ‘काहीच बदललेले नसताना ग्रुप बिघडला.’ मीही त्या वर्षी सर्वांना हेच सांगत होतो.

माझी रायफल अक्रोडाच्या लाकडी स्टॉकची होती. ऑगस्टअखेरपर्यंत पालथ्या स्थितीतून दहा गोळ्यांचा ग्रुप, छिद्रांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजला तर 14 ते 15 मिलिमीटर येत असे. 50 मीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ 10.4 मिलिमीटरचे असते आणि 5.6 मिलिमीटरच्या गोळीची कड त्याला लागली तरी दहा गुण मिळतात, म्हणजे मध्य ते मध्य 16 मिलिमीटरच्या आत राहिलेला ग्रुप नीट बसला तर सगळेच दहा. ऑक्टोबरमध्ये तोच ग्रुप 26-27 वर गेला. मी श्वास तपासला, स्लिंग (रायफल हाताला धरून ठेवणारा पट्टा) तपासला, डोळ्यांचा नंबर तपासून घेतला. दुसऱ्या जिल्ह्यातील एका विक्रेत्याने रायफल हातात घेऊन, बॅरलमधून एकदा खिडकीकडे पाहून, ‘आटे गेले’ असा निकाल दिला. नवे बॅरल तोच मागवून देणार होता, याचा विचार मला त्या क्षणी सुचला नाही. त्या बॅरलमधून तोपर्यंत जेमतेम बारा हजार गोळ्या गेल्या होत्या. शिशाची मऊ गोळी, कमी दाब, ध्वनीपेक्षा कमी वेग. असे मॅच बॅरल याच्या कितीतरी पट चालते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते आणि तरीही मी मान डोलावली, कारण बिघाडाला एक नाव मिळाल्याचा आनंद झाला होता.

त्यापुढील भाग एका कार्यालयाचा आहे आणि त्याचे नाव मी लिहिणार नाही. जानेवारी 2019 मध्ये अर्ज दिला. पहिल्या खिडकीवर सांगण्यात आले की बॅरल हा किरकोळ भाग असून त्याची नोंद लागत नाही. मी ते लेखी मागितले, तेव्हा अर्ज दुसऱ्या टेबलावर गेला. तिथे विचारणा झाली की बॅरलवर स्वतंत्र क्रमांक असेल तर हे दुसरे शस्त्र का मानू नये. मी कंपनीचे पत्र, क्लबचे पत्र आणि विक्रेत्याच्या परवान्याची प्रत जोडली. एप्रिलमध्ये लोकसभेची निवडणूक आली आणि ‘आचारसंहिता संपल्यावर या’ असे उत्तर मिळाले. जूनमध्ये गेलो तर ज्यांनी शंका काढली होती त्यांची बदली झाली होती आणि नव्या साहेबांना शंका समजून घेण्यासाठी फाइल पुन्हा पहिल्या टेबलापासून हवी होती. ऑक्टोबरमध्ये विधानसभेची निवडणूक आली. या सगळ्या काळात रायफल विक्रेत्याकडे जमा होती, कारण अर्ज करतानाच ती जमा करणे बरे असा सल्ला मला त्यानेच दिला होता. मी क्लबमध्ये जाऊन इतरांचे ग्रुप मोजत बसे. माझा राग नियमांवर नाही. शस्त्राच्या बाबतीत कडक नियम हवेतच. ज्याला नियम ठाऊक नाही त्याने ‘नोंद लागत नाही’ असे बेधडक सांगावे, आणि आपण त्यावर विसंबून पुढे गेलो असतो तर तुरुंगात आपण जावे, या व्यवस्थेवर माझा राग आहे. तोंडी उत्तरावर एक पाऊलही टाकू नये. अर्जाच्या प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. माझी फाइल दोनदा ‘सापडत नाही’ झाली, तेव्हा त्या शिक्क्यानेच ती सापडली.

नवे बॅरल मार्च 2020 च्या दुसऱ्या आठवड्यात बसले. नंतर टाळेबंदी लागली, रेंज बंद झाली. पुढे ती उघडली तेव्हा मी मोठ्या अपेक्षेने पालथा झालो, दहा गोळ्या झाडल्या आणि ग्रुप मोजला. 26 मिलिमीटर.

क्लबमधील एका निवृत्त प्रशिक्षकांनी तेव्हा दोन प्रश्न विचारले. लाकडी स्टॉकमध्ये ॲक्शन (बॅरलमागची गोळी झाडणारी यंत्रणा) धरून ठेवणारे दोन स्क्रू कशाने आवळता? आणि बिघाड सुरू झाला त्या महिन्यात काडतुसांचा लॉट (एका वेळी बनवलेली खेप) बदलला होता का? पहिल्याचे उत्तर ‘हाताने, अंदाजाने’ असे होते. दुसऱ्यासाठी मी घरी येऊन जुन्या डब्या काढल्या. नाव तेच, रंग तोच, कडेवरचा लॉट क्रमांक वेगळा. सप्टेंबर 2018 मध्येच जुना लॉट संपून नवा सुरू झाला होता. म्हणजे पावसाळ्यात फुगलेले लाकूड ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत आकसले, पुढचा स्क्रू सैल झाला, आणि त्याच सुमारास माझ्या बॅरलला न मानवणारा लॉट आला. दोन गोष्टी बदलल्या होत्या आणि मी शपथेवर सांगत होतो की काहीच बदललेले नाही. विक्रेत्याने नवे बॅरल बसवतानाही स्क्रू अंदाजानेच आवळले होते. त्या प्रशिक्षकांनी टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पाना) आणला, कंपनीच्या पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे, माझ्या रायफलीसाठी पाच न्यूटन-मीटर, दोन्ही स्क्रू सारखे आवळले, आणि सहा वेगवेगळ्या लॉटची एकेक डबी झाडायला लावली. एका लॉटने 22 मिलिमीटर दिले, एकाने 13. जुने बॅरल आजही तेलाच्या कागदात गुंडाळून विक्रेत्याकडे जमा आहे. नंतर एकाने आतून कॅमेऱ्याने पाहिले तर त्याच्या आट्यांना काहीही झालेले नाही.

म्हणून आपल्या यादीबद्दल माझे मत असे आहे, आणि ते थोडे हट्टी वाटल्यास क्षमा असावी. बॅरल यादीच्या तळाशी न्यावे. पहिला खर्च टॉर्क पान्याचा आणि दुसरा वेगवेगळ्या लॉटच्या काडतुसांचा करावा. परवान्यावर वर्षाची काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते, तेव्हा चाचणीचा हिशेब हंगामाच्या आधी मांडावा आणि क्लबमधील तिघाचौघांनी मिळून लॉट वाटून घ्यावेत. इली, लापुआ, आर.डब्ल्यू.एस. यांपैकी कोणती काडतुसे चांगली हा वाद व्यर्थ आहे. आपल्या बॅरलला कोणता लॉट मानवतो एवढाच प्रश्न आहे, आणि शेजाऱ्याच्या रायफलीत सोने ठरलेला लॉट आपल्या रायफलीत माती होऊ शकतो. एका लॉटच्या किमान चाळीस गोळ्या, दहा-दहाचे चार ग्रुप, आधारावर ठेवून आणि सकाळी लवकर झाडाव्यात, कारण मे महिन्यातील दुपारचा आडवा वारा या हलक्या गोळीला दहाच्या वर्तुळाबाहेर सहज नेतो आणि दोष काडतुसाच्या माथी बसतो. चाचणीपूर्वी बॅरल मागच्या बाजूने, गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळी) लावून साफ करावे. चेंबरच्या लगेच पुढे काजळीचे कडे साचते आणि तेही ग्रुप मोठा करते. पुढच्या बाजूने रॉड घालून तोंडाची कड घासू नये.

स्टॉकवरील खर्च मात्र मी योग्य मानतो, फक्त त्यामागील कारण वेगळे आहे. ॲल्युमिनियम हवेतील ओलाव्याने फुगत नाही हे खरे, परंतु खरा लाभ गालाचा आधार, बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) आणि पकड आपल्या शरीरानुसार हलवता येण्याचा आहे. तीन स्थितींच्या स्पर्धेत गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून एकच रायफल धरायची असते, त्यामुळे प्रत्येक स्थितीचे आकडे पट्टीवर वाचता येतील असा स्टॉक घ्यावा. मागवण्यापूर्वी दुसऱ्याच्या स्टॉकवर किमान दोन सत्रे करून पाहावीत. सगळे भाग लावल्यावर रायफल वजनकाट्यावर ठेवावी. पुरुषांच्या 50 मीटर प्रकारात 8 किलोची मर्यादा आहे आणि वजनाचे तुकडे लावताना ती नकळत ओलांडली जाते. ट्रिगर सध्याचाच ठेवावा. दोन टप्प्यांचा कारखान्यातून आलेला ट्रिगर शंभर ग्रॅमच्या आसपास बसवता येत असेल तर त्याहून हलका घेऊन केवळ भीती वाढते. त्यापेक्षा पुढच्या साइटमधील वर्तुळ बदलून पाहावे. बहुतेक जण काळ्या चांदाला घट्ट मिठी मारणारे लहान वर्तुळ घेतात, मी 3.4 वरून 3.9 मिलिमीटरवर गेलो आणि पांढरी कड मोकळी दिसू लागताच उभ्या स्थितीत माझ्या नऊ गुणांच्या गोळ्या कमी झाल्या. डोळ्यागणिक हे बदलेल.

पॅरिसला 2024 मध्ये स्वप्नील कुसाळे यांनी 50 मीटर तीन स्थितींत कांस्यपदक मिळवल्यापासून आपल्याकडील रेंजवर गर्दी वाढली आहे, हे चांगलेच झाले. पण त्यांच्या हातातील रायफलीचे छायाचित्र दाखवून ‘अगदी अशी जुळवून द्या’ म्हणणारे पालकही वाढले आहेत आणि विक्रेत्यांना ते हवेच आहेत. आपण त्या रांगेत लागू नये, म्हणून एवढे लिहिले.

जुना लाकडी स्टॉक विकावा का, असे आपण शेवटी विचारले आहे. विकू नये. जून ते सप्टेंबर तो सिलिका जेलच्या पुड्यांसह पेटीत ठेवावा आणि त्या जेलचा रंग बदलला की पुड्या तव्यावर मंद आचेवर वाळवाव्यात. हे काम घरातील पोळ्यांच्या तव्यावर करू नये. त्यावरून आमच्याकडे झालेल्या संभाषणाचा तपशील इथे देत नाही. या आठवड्यात आपण फक्त दोन गोष्टी कराव्यात: पुढचा स्क्रू टॉर्क पान्याने तपासावा आणि दिवाळीच्या आधीच्या व नंतरच्या डब्यांवरील लॉट क्रमांक इथे लिहावेत. डब्या टाकून दिल्या असतील तर क्लबच्या काडतूस नोंदवहीत ते सापडण्याचा संभव आहे.