दगडी, दोन कोर्स वाया आणि घरचं दूध: तिसरी ट्यूब भरण्याआधी

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुसऱ्या वेताची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय, मागच्या उजव्या सडात दगडी, म्हणजे जंतूंमुळे आलेली कासेची सूज. सडात भरायच्या औषधी ट्यूबचे दोन कोर्स झाले, दोन्ही वेळा दुधातल्या गाठी गेल्या आणि पंधरा दिवसांत परत आल्या. आता गावातला एकजण म्हणतोय "भारीचं इंजेक्शन टाकू". वर कुणीतरी घाबरवलंय की हे जंतू औषधाला दाद देत नाहीत, मग पोरांना दूध द्यायचं का?

पोरांचं आधी सांगतो. त्या सडाचं दूध कुणालाच नाही, हा विषय संपला. बाकी तीन सडांचं दूध औषध चालू असताना आणि वर्ज्य काळ (औषध थांबल्यावर दूध वापरायचं नाही ते दिवस) संपेपर्यंत बाजूला काढायचं. औषध एकाच सडात भरलं तरी ते रक्तातून इतर सडांत उतरतं. "चांगल्या तीन सडांचं घालतो डेअरीला" हे आपल्याकडे सर्रास चालतं, पण ते चूक आहे. वर्ज्य काळ पाकिटावर असतो. नसेल तर आपल्या औषध नियमांप्रमाणे दुधासाठी किमान 7 दिवस धरायचे. चौदा लिटरची गाय आणि 30 रुपये दर धरला तरी तीन हजारांच्या आसपास गेले. लोक लपवतात ते याचमुळे, मला ते कळतं.

यात दोन गोष्टींची गल्लत होते. दुधात राहिलेला औषधाचा अंश वेगळा आणि औषधाला न जुमानणारा जिवाणू वेगळा. असा जिवाणूही उकळीला बाकीच्यांसारखाच मरतो. औषधाचा अंश मात्र उकळल्याने जाईलच असं नाही. आमच्याकडे एकदा तीन दिवस विरजण लागेना. बायको थंडीला दोष देत होती आणि मी गप्प होतो, कारण आदल्या आठवड्यात ट्यूब मीच भरली होती. दह्याचे जिवाणूही त्याच औषधाने मरतात. आणखी एक, दगडी करणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू दुधात वाढला तर विष तयार करतो आणि ते उकळूनही टिकतं. म्हणून धार काढली की दूध लगेच तापवा किंवा थंड करा, दुपारपर्यंत किटलीत ठेवू नका.

खरा धोका ग्लासातल्या उकळलेल्या दुधापेक्षा धार काढणाऱ्या हाताला, कच्च्या दुधाला आणि वासराला जास्त. आजारी सडाचं दूध वासराला पाजणं मला सगळ्यात घातक वाटतं. त्या दुधात औषध थोडंच असतं. सगळे जंतू मारायला ते अपुरं, पण दाद न देणारे तेवढे निवडून वाढवायला पुरेसं. वासराच्या पोटात ते वाढतात, शेणातून गोठ्यात पसरतात आणि प्रतिकाराची जनुकं दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देतात. कुत्र्या-मांजरालाही घालू नका. गोठ्यापासून लांब खड्ड्यात चुना टाकून जिरवा. फॅट-एसएनएफ (दुधातली चरबी आणि बाकीचे घन घटक) मोजणाऱ्या यंत्राला जिवाणू दिसत नाहीत, त्यामुळे संकलन केंद्रावर कुणी पकडेल या भरवशावर राहू नका. इंग्लंडमध्ये गाईंच्या दगडीचा अभ्यास करताना टाकीतल्या दुधात मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारा ऑरियस सापडला होता. त्याचं जनुक इतकं वेगळं होतं की नेहमीच्या जनुक-चाचणीला ते दिसलंच नाही. हे 2011 साली प्रसिद्ध झालं.

आता तुमच्या गाईकडे येऊ. औषध लागू पडलं नाही म्हणजे जिवाणू प्रतिकारकच असेल असं नाही. ऑरियस कासेत बारीक गळवं करून, पेशींच्या आत दडून बसतो. प्रयोगशाळेच्या ताटलीत जे औषध त्याला मारतं, तेच कासेत त्याच्यापर्यंत पोचत नाही. उलट ई. कोलाय या दुसऱ्या जिवाणूच्या साध्या दगडीत गाईचं शरीर बऱ्याचदा स्वतःच तो जंतू साफ करतं, ट्यूब भरून फार फरक पडत नाही. म्हणून आत कोण आहे हे कळल्याशिवाय भारीचं इंजेक्शन नको. "भारीचं" म्हणजे बहुतेक वेळा सेफ्ट्रिअॅक्झोनसारखं प्रतिजैविक, जे माणसांच्या दवाखान्यात गंभीर आजाराला लागतं. आणि खरं सांगा, मागचे दोन कोर्स पूर्ण केले होते का? गाठी गेल्या की तिसरी ट्यूब कपाटात, किंवा एकच ट्यूब दोन सडांत अर्धी-अर्धी, हे मी स्वतः केलंय. त्यात एका गाईचं एक सड कायमचं गेलं, ती तीनसडी झाली.

कल्चर आणि संवेदनशीलता चाचणी, म्हणजे दुधात कुठला जंतू आहे आणि तो कुठल्या औषधाने मरतो याची तपासणी, करून घ्या. शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत किंवा पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागात आधी फोन करून विचारा. नमुना नवीन औषध सुरू करण्याआधीचाच हवा. मेडिकलमध्ये लघवी तपासणीची निर्जंतुक बाटली मिळते. सड धुऊन कोरडा करा, टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, पहिल्या तीन-चार धारा सोडा आणि मग बाटली आडवी धरून दूध घ्या. बर्फात ठेवून पाठवा. मात्र गाय तापली असेल, चारा सोडला असेल, दूध पाण्यासारखं येत असेल तर अहवालाची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

कोरफडीचा लेप (कोरफड 250 ग्रॅम, हळद 50, चुना 15) राष्ट्रीय दुग्धविकास मंडळही सांगतं. माझ्या गोठ्यात नुकत्याच सुरू झालेल्या सुजेला त्याचा उपयोग झाला. जुन्या, कडक झालेल्या सडाला मला गुण दिसला नाही.

तोवर ही गाय सगळ्यात शेवटी पिळा, नंतर हात धुवा, धार झाल्यावर चारही सड आयोडीनच्या कपात बुडवा आणि अर्धा तास वैरण टाकून उभी ठेवा, म्हणजे सडाचं तोंड मिटेपर्यंत ती शेणात बसणार नाही. नमुना सोमवारी नाहीतर मंगळवारी पाठवा. माझा पहिला शनिवारी पोचला आणि सोमवारपर्यंत बाटलीत नुसतं नासलेलं दूध उरलं होतं.