टेक्सासला जाण्याआधी

प्रिय,

तुझा मेल मिळाला. टेक्सासला बदली घ्यावी का, एवढाच प्रश्न आहे म्हणतोस, पण निम्मा मेल ऑफिसातल्या वादावरच खर्ची पडलाय. आपल्या श्रीमंत न्यू जर्सीने केंद्राला कर भरायचा, गरीब मिसिसिपीने तो खायचा आणि वर त्यांनीच आपल्याला अक्कल शिकवायची, असं तुझी टीम म्हणते. तुलाही ते पटायला लागलेलं दिसतं.

हिशेब खोटा नाही. न्यूयॉर्कचे सिनेटर डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन 1970च्या दशकापासून आकडे काढून दाखवायचे की त्यांचं राज्य वॉशिंग्टनला, म्हणजे केंद्राला, देतं जास्त आणि परत मिळतं कमी. न्यू जर्सीचं रडगाणंही तेच. पण कर भरतात माणसं. केंद्राचा प्राप्तिकर उत्पन्नाप्रमाणे चढत जातो आणि बड्या पगाराची मंडळी मॅनहटनच्या आसपास राहतात. न्यू जर्सीतल्या न्यूअर्कच्या गोदामात राबणारा आणि मिसिसिपीत तेवढ्याच पगारावर काम करणारा, दोघंही केंद्राला जवळपास सारखाच कर देतात. मग 'आम्ही त्यांना पोसतो' यातले 'आम्ही' कोण? तू यवतमाळचा. मुंबईच्या पैशावर राज्य चालतं हे कोणी ऐकवलं की तुझं डोकं कसं फिरायचं, ते आठव.

तुझ्या घरमालकाला घरपट्टीचं बिल दाखवायला सांग. काउंटी (म्हणजे जिल्हा), नगरपालिका, शाळा असे वेगवेगळे आकडे असतात. राज्याची एकूण घरपट्टी घेतली तर निम्म्याहून जास्त शाळांना जाते. पूर्वी ही घरपट्टी आणि राज्याचा प्राप्तिकर केंद्राच्या हिशेबात उत्पन्नातून वजा व्हायचा. 2017च्या कायद्याने त्या वजावटीला 10,000 डॉलरची मर्यादा घातली. न्यू जर्सीत सरासरी घरपट्टीच आता तेवढ्याच्या घरात आहे! 2025मध्ये ही मर्यादा 40,000वर नेली गेली, तेव्हा हटून बसले होते ते न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडचेच काही रिपब्लिकन खासदार. घरपट्टीपुढे पक्षाचं काही चाललं नाही.

प्रतिनिधित्वाबद्दल मात्र तुझी चीड मला रास्त वाटते. 2020च्या जनगणनेत वायोमिंगची वस्ती 5.77 लाख, कॅलिफोर्नियाची 3.95 कोटी, आणि सिनेटर दोघांचेही दोन-दोनच. खुद्द राजधानीत, वॉशिंग्टन डी.सी.मध्ये, वायोमिंगपेक्षा जास्त, 6.9 लाख माणसं. ती केंद्राचा पूर्ण कर भरतात, पण त्यांना सिनेटर एकही नाही. प्रतिनिधिगृहात पाठवलेल्या सदस्याला सभागृहात विधेयकावर मत नाही. तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरच ही तक्रार छापलेली असते. ब्रिटिशांच्या कराविरुद्ध बॉस्टनच्या बंदरात 1773 साली चहा बुडवणाऱ्यांचीही तक्रार तीच होती: प्रतिनिधी नाही, तरी कर.

तुझी तऱ्हा तर आणखी मजेशीर. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर तू प्राप्तिकर भरतोस, सोशल सिक्युरिटी (म्हातारपणीचं पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा आरोग्य विमा) यांचे मिळून 7.65 टक्के पगारातून कापले जातात. मत नाही. पण जनगणनेत तुझं डोकं मोजलं जातं, आणि त्यावर राज्याच्या वाट्याला प्रतिनिधिगृहाच्या किती जागा येणार हे ठरतं. म्हणजे जागेचा एक कण तुझ्यामुळे, बसणार कोण हे मात्र दुसरे ठरवणार.

आता मूल्यांचं. टेक्सासचे लोक 'तसले', म्हणजे कट्टर उजवे, असतात, असं तू लिहिलंयस. 2020मध्ये ट्रम्प यांना टेक्सासपेक्षा कॅलिफोर्नियात जास्त मतं पडली होती, साठ लाखांवर. त्याच निवडणुकीत फ्लोरिडाने ट्रम्प यांना निवडलं आणि त्याच मतपत्रिकेवर किमान वेतन 15 डॉलरपर्यंत नेण्यालाही साठ टक्क्यांहून जास्त मतं दिली. गर्भपाताचा हक्क आपल्या राज्याच्या घटनेतून काढू द्यायला 2022मध्ये कॅन्ससने नकार दिला, आणि कॅन्सस काही डेमोक्रॅटांचा गड नव्हे. ऑस्टिनमध्ये आठवडा काढ आणि तिथून गाडीने दोन तास कुठल्याही दिशेला जा. फरक दिसेल तो शहर आणि खेड्यातला. न्यू जर्सीतही दक्षिणेकडच्या शेतांत गेलास तर हेच.

बदलीचं म्हणशील तर, टेक्सासात राज्याचा प्राप्तिकर नाही हे खरं. पण घरपट्टी जड आहे आणि विक्रीकर 8.25 टक्क्यांपर्यंत जातो. भाड्याने राहणार असलास तर हातात जास्त उरेल. घर घ्यायचं असेल तर ज्या गल्लीत घेणार तिथल्या एखाद्या घराचं बिल आधी मागव. काउंटीच्या संकेतस्थळावर ते कोणालाही बघता येतं. शिवाय तिथल्या शाळांचा कारभार बघणाऱ्या स्कूल बोर्डाच्या एका बैठकीला जाऊन बस. मागच्या खुर्चीवर बसून ऐकायला नागरिकत्व लागत नाही. बिल आलं की मला पाठव, आकडे मिळून बघू.

तुझा,
काका