रिझ अहमदचा अभिनय त्याच्या रॅपसकट बघा

'साउंड ऑफ मेटल' हा सिनेमा बघून तुम्ही विचारलंय की ब्रिटिश नट रिझ अहमद रॅपही करतो म्हणतात, ती नुसती हौस आहे की त्यात खरंच दम आहे, आणि पुढे त्याचं काय बघावं. दम आहे, भरपूर आहे. रॅप वगळून फक्त सिनेमे बघितलेत तर अर्धा रिझ हातून सुटेल.

जन्म १९८२चा, लंडनच्या वेम्बलीतला. आईवडील कराचीहून आलेले. रॅप तो किशोरवयापासून करतोय. ऑक्सफर्ड आणि मग नाट्यशिक्षण हे त्यानंतरचं, त्यामुळे नट म्हणून नाव झाल्यावर गायची हुक्की आली असा हा प्रकार नव्हे. २००६ साली मायकेल विंटरबॉटमच्या 'द रोड टू ग्वांतानामो'मधून तो पडद्यावर आला आणि त्याच वर्षी त्याचं 'पोस्ट ९/११ ब्लूज' हे गाणं आलं. ब्रिटनमध्ये सुरुवातीला ते रेडिओवर लावूच दिलं नव्हतं.

त्या सिनेमाला बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं. तिथून परतताना ल्यूटन विमानतळावर रिझला अडवून चौकशी झाली. मुसलमानांच्या लढ्याला हातभार लावायला नट झालास का, असंही एका अधिकाऱ्याने विचारलं. पुरस्कार मिळवलेल्या सिनेमातून घरी येणारा तेवीस वर्षांचा पोरगा, आणि त्याला हा प्रश्न! हा प्रसंग लक्षात ठेवा, कारण पुढे तो वेगवेगळ्या रूपांत परत येतो. दहा वर्षांनी न्यूयॉर्कच्या हिमांशु सुरीबरोबर 'स्वेट शॉप बॉइज' नावाने त्याने 'कॅशमिअर' हा अल्बम काढला. त्यातलं 'टी ५' हे गाणं विमानतळावरच्या झडतीबद्दलच आहे. त्याच वर्षी 'द गुड इमिग्रंट' या लेखसंग्रहात त्याने विमानतळ आणि ऑडिशन यांवर एक लेख लिहिला. दोन्ही ठिकाणी समोरचा माणूस तुमचा चेहरा बघून तुम्ही कोण ते आधीच ठरवून बसलेला असतो, हा त्याचा मुद्दा.

आपल्यासारख्यांना मिळणाऱ्या भूमिकांच्या तीन पायऱ्या त्याने त्या लेखात सांगितल्यात. पहिली म्हणजे ठरीव साचा: टॅक्सीवाला, कोपऱ्यावरचा दुकानदार, दहशतवादी. दुसरीवर विषय तोच राहतो, पण साचा आतून फोडला जातो. तिसरीवर तुमचा वंश हा कथेचा विषयच नसतो. आत्मघाती हल्ला करायला निघालेल्या गोंधळी टोळक्यावरची विनोदी 'फोर लायन्स' (२०१०) दुसऱ्या पायरीवरची. 'द नाइट ऑफ' ही टीव्ही मालिकाही तिथलीच. त्यातला नासिर पाकिस्तानी टॅक्सीवाल्याचा मुलगा आहे, खुनाच्या आरोपात अडकलेला. तुरुंगात गेल्यावर भागागणिक त्याची नजर कशी घट्ट होत जाते ते बघा. टीव्हीवरच्या कामासाठीचा एमी पुरस्कार २०१७ साली त्याला याच कामासाठी मिळाला.

'साउंड ऑफ मेटल'मध्ये तुम्ही पाहिलेला रूबेन, ऐकू येणं गमावणारा ड्रमर, तिसऱ्या पायरीवरचा. त्यासाठी रिझने ड्रम्स आणि अमेरिकन खुणांची भाषा यांवर सातेक महिने मेहनत घेतली होती. तो घसरगुंडीचा प्रसंग आठवा: रूबेन पत्र्यावर हाताने ठेका धरतो आणि ऐकू न येणारा मुलगा तो ठेका पत्र्यातून अंगावर घेतो. ज्याच्या अंगात लय भिनलेली नाही त्याला हा प्रसंग इतक्या सहजतेने करता आला नसता, असं मला मनापासून वाटतं.

आता 'द लाँग गुडबाय' (२०२०). माझ्या मते त्याचं सर्वांत पूर्ण काम हेच. सगळा अल्बम म्हणजे ब्रिटनशी झालेली काडीमोड. देश ही जणू वर्षानुवर्षं छळणारी प्रेयसी. गाण्यांच्या अधेमधे ओळखीच्यांचे फोनवरचे निरोप येतात, त्यात त्याच्या आईचाही आहे. पहिल्याच गाण्याच्या नावात 'शिकवा', म्हणजे उर्दूत तक्रार, येतो, पुढे 'टोबा टेक सिंग' नावाचं गाणं आहे. हे नाव उर्दू लेखक मंटोच्या फाळणीवरच्या कथेचं. मंटो १९४८ च्या जानेवारीपर्यंत मुंबईत होता, मग लाहोरला गेला आणि तिथे ही कथा लिहिली. दोन देशांच्या तारांमधल्या बेवारस जमिनीवर कोसळणारा बिशन सिंग आपल्याला ठाऊक आहेच. रिझच्या घराण्याची मुळं उत्तर प्रदेशात, मग कराची, मग लंडन. त्यामुळे हा संदर्भ त्याने कुठून उचलून चिकटवलाय असं एकदाही वाटत नाही. 'मोगॅम्बो' नावाचंही त्याचं एक गाणं आहे. अमरीश पुरींचा आवाज कानात घेऊन वाढलेल्या आपल्याला त्यातली मस्ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

'द लाँग गुडबाय' याच नावाचा बारा मिनिटांचा लघुपट अनील कारियाने केला, त्याला २०२२ चं ऑस्कर मिळालं. घरात लग्नाची गडबड चालू आहे, खोल्यांतून पसारा, चेष्टामस्करी, आणि अचानक बंदूकधारी आत घुसतात. शेवटी रस्त्यावर पडलेला रिझ उठतो आणि थेट कॅमेऱ्याकडे बघत रॅप करत सुटतो. या क्षणी नट कुठे संपतो आणि रॅपर कुठे सुरू होतो ते मला अजून वेगळं काढता आलेलं नाही.

अल्बमच्याच वर्षीचा, २०२० चा 'मुघल मोगली' हा सिनेमा त्याने दिग्दर्शक बस्साम तारिकबरोबर लिहिलाय. मोठ्या दौऱ्याच्या तोंडावर रॅपर झेडचं शरीर त्याच्यावरच उलटतं. चेहऱ्यावर फुलांचा सेहरा बांधलेली एक आकृती त्याला सतत दिसत राहते, तिचं नावही टोबा टेक सिंग. वडिलांच्या भूमिकेत अली खान आहे आणि बापलेकांचे प्रसंग अप्रतिम. भासांची दृश्यं मात्र थोडी लांबली आहेत.

'रोग वन', 'व्हेनम' वेळ असेल तर बघा. 'तृष्णा'चं चित्रीकरण राजस्थानात आणि मुंबईत झालंय, फ्रीडा पिंटोही आपली मुंबईची, पण त्यात रिझला फारसा वाव नाही.

तुम्ही आधी 'मुघल मोगली' बघा, मग अल्बम पहिल्या गाण्यापासून क्रमाने ऐका, मग लघुपट, आणि निवांत वेळ मिळाला की 'द नाइट ऑफ'चे आठ भाग. अल्बम ऐकताना शब्द समोर उघडून ठेवा. लंडनच्या बोलीत तो फार भरभर बोलतो आणि मध्येच उर्दूत शिरतो. उर्दू तुम्हाला पकडता येईल, अडेल ते इंग्रजीच.