नोरोव्हायरसवरची गोळी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रोटाव्हायरसचे थेंब बाळांना कधीपासून मिळतात. मग नोरोव्हायरसची तोंडावाटे घ्यायची लस अजून चाचणीतच का?

रोटाव्हायरस प्रयोगशाळेत वाढवता येतो, त्यामुळे त्याला दुबळा करून थेंबांत घालता आला. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसने ती संधीच दिली नाही. १९६८ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, नॉरवॉक गावच्या एका शाळेत उलट्यांची साथ आली. त्या साथीतल्या नमुन्यात हा विषाणू १९७२ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. पण मानवी नोरोव्हायरस आतड्याच्या मूळपेशींपासून तयार केलेल्या ऊतीत वाढवायला २०१६ साल उजाडले. आजही तो लस बनवण्याइतका भरभरून वाढत नाही.

म्हणून सगळी भिस्त आहे व्हीपी१ या एका प्रथिनावर. विषाणूचे कवच याच प्रथिनाचे असते. ते एकटेच तयार केले तरी त्याचे १८० रेणू आपसूक जुळून पोकळ कवच बनते. आत जनुकसाहित्य नाही, म्हणजे आजार नाही, पण बाहेरून चेहरा विषाणूचाच. ही कवचे नुसती प्यायला देऊन पाहिली आहेत, नाकातून देऊन पाहिली आहेत. व्हीपी१चे जनुक घातलेले बटाटेसुद्धा स्वयंसेवकांना खाऊ घातले आहेत. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात २० पैकी १९ जणांच्या रक्तात प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी दिसल्या, पण रक्तातली प्रतिपिंडे वाढली ती मोजक्यांचीच. ही विसंगती लक्षात असू द्या, पुढे ती लागणार आहे.

सध्या चाचणीत असलेल्या लशीच्या गोळीचा मार्ग वेगळा आहे. तिच्यात तयार कवच नसते, तर व्हीपी१चे जनुक वाहून नेणारा अॅडेनोव्हायरस ५ हा वेगळाच विषाणू असतो. त्याची स्वतःची वाढ करण्याची क्षमता काढून टाकलेली असते. तो आतड्याच्या पेशीत शिरतो आणि व्हीपी१ त्या पेशीतच तयार होते. सोबत दुपदरी आरएनएचा एक तुकडा असतो. त्यामुळे पेशीला विषाणू आल्याचा भास होतो आणि रोगप्रतिकारशक्ती जागी होते.

प्रश्न : माझे वय ३१, प्रकृती ठणठणीत. अशा चाचणीत भाग घेतला तर नेमके काय काय करावे लागते?

सुरुवातीच्या टप्प्यात साधारण १८ ते ४९ वयाचे निरोगी लोक घेतात. आधी रक्त-लघवी, एचआयव्ही, कावीळ ब आणि क यांच्या तपासण्या आणि स्त्रियांसाठी गर्भधारणेची चाचणी. त्यानंतर येतो औषधांचा प्रश्न. तिथे बरेच जण 'काही घेत नाही' असे सांगून मोकळे होतात आणि रोजची पित्ताची गोळी विसरतात. इथे तीच सर्वांत महत्त्वाची. लशीच्या गोळीवरचे आवरण आम्लात टिकते आणि आम्ल कमी झाले की विरघळते. म्हणून ती जठरातून शाबूत पुढे जाते व लहान आतड्यात फुटते. पित्ताच्या औषधाने जठरातलेच आम्ल कमी झाले, तर आवरण तिथेच सुटू शकते आणि आतला नाजूक अॅडेनोव्हायरस वाटेतच वाया जातो. लस 'लागली नाही' एवढेच नोंदले जाईल, त्यामागचे कारण कुणालाच कळणार नाही. तेव्हा दुकानातून आणलेल्या अँटासिडचाही उल्लेख करा.

गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, अख्खी गिळायची. चावायची नाही, तोडायची नाही. किती तास उपाशी राहायचे हे संमतिपत्राबरोबरच्या माहितीत लिहिलेले असते. त्यात चहाही मोडतो का, हे आधीच विचारून घ्या. अन्नामुळे जठरातले आम्ल पातळ होते आणि गोळी तिथे जास्त वेळ रेंगाळते. डोस म्हणजे एकच गोळी असेही नाही, एका वेळी अनेक गोळ्या असू शकतात. प्रकाशित झालेल्या पहिल्या टप्प्यात सुमारे १,००० कोटी आणि १०,००० कोटी विषाणूकण अशा दोन मात्रा तपासल्या होत्या. कमी मात्रा सुरक्षित दिसली की मगच जास्त, हा क्रम ठरलेला. काही जणांना हुबेहूब दिसणारी निष्प्रभ गोळी मिळते. ती कोणाला, हे तुम्हालाही माहीत नसते आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही.

पुढचे सात दिवस डायरी भरायची : ताप, डोकेदुखी, मळमळ, उलटी, पोटदुखी, थकवा, जुलाब. 'पोट बिघडले' असे लिहू नका. पातळ शौच किती वेळा, किती वाजता, एवढेच लिहा, कारण तीव्रतेची श्रेणी त्याच आकड्यावरून ठरते. आठवड्याच्या शेवटी एकदम बसून भरलेली डायरी ओळखू येते, सगळ्या दिवशी एकच ताप असतो.

रक्त गोळीआधी, सातव्या दिवशी आणि साधारण चार आठवड्यांनी घेतात. सातवा दिवस चुकवू नका. आतड्यात शिकून आलेल्या, प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी रक्तातून जाताना फक्त थोडे दिवस सापडतात आणि सातव्या दिवसाच्या आसपास त्यांची गर्दी असते. दहाव्या दिवशी आलात तर त्या आपापल्या जागी पोचलेल्या असतात आणि लस निकामी होती असा निष्कर्ष निघू शकतो. त्या पेशींवर आतड्याकडे परतण्याची खूण आहे का, हेही त्याच नमुन्यात पाहतात. पेशी जिवंत हव्यात, म्हणून रक्त काही तासांतच प्रयोगशाळेत पोचावे लागते. रक्त देण्याची वेळ सकाळची ठेवण्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते.

मलाच्या नमुन्याचा लोकांना संकोच वाटतो, पण आतड्यात काय घडले ते तोच सांगतो. त्यात लघवी किंवा भांड्यातले पाणी मिसळू देऊ नका. दिलेल्या डब्यात घेऊन सांगितलेल्या थंडाव्यात ठेवा. मलात पाणी कमी-जास्त असते, म्हणून व्हीपी१विरोधी आयजीए (आतड्यात पाझरणारी प्रतिपिंडे) थेट न मोजता एकूण आयजीएच्या प्रमाणात मोजतात.

गंभीर त्रासांची नोंद मात्र महिनोन्‌महिने, बहुधा वर्षभर चालते. गाव बदलणार असाल तर आधीच सांगा. मध्येच बाहेर पडण्याचा हक्क तुमचा आहे. कारण सांगायलाच हवे असेही नाही.

प्रश्न : गोळीनंतर जुलाब झाले, तर लशीनेच नोरोव्हायरस दिला असे समजायचे का?

नाही. गोळीत नोरोव्हायरस नसतो, त्याच्या एका प्रथिनाचे जनुक असते, आणि वाहक विषाणू वाढू शकत नाही. पोटाची किरकोळ कुरबूर लशीने होऊ शकते, निष्प्रभ गोळीनेही होते. पण बाहेर साथ असेल तर त्याच आठवड्यात खरा नोरोव्हायरसही गाठू शकतो. तेव्हा मलाची पीसीआर करतात. ही चाचणी सहसा जनुकसाहित्याचा जो भाग शोधते, तो व्हीपी१च्या आधीच्या जनुकापासून सुरू होतो. तो आधीचा तुकडा लशीत नसतो, त्यामुळे लस आणि संसर्ग यांत गल्लत होत नाही.

प्रश्न : 'लशीने प्रतिपिंडे कित्येक पट वाढली' अशी बातमी वाचली. म्हणजे आता संरक्षण मिळणार ना?

एवढ्यावरून नाही. प्रौढांना नोरोव्हायरस आधी होऊन गेलेला असतो, प्रतिपिंडे असतातच. ज्यांची मुळातच जास्त, त्यांच्यात चौपट वाढ दिसणे कठीण. ज्यांची कमी, त्यांच्यात सोपे. शिवाय विषाणू पेशीवरच्या ज्या शर्करेला चिकटतो, ते चिकटणे रोखणारी प्रतिपिंडे नुसत्या एकूण प्रतिपिंडांपेक्षा जास्त अर्थपूर्ण. बटाट्याच्या प्रयोगातली विसंगतीही इथे आठवा : रक्त गप्प असताना आतड्यात हालचाल झालेली असू शकते, आणि उलटही.

खरी कसोटी म्हणजे लस देऊन काही आठवड्यांनी स्वयंसेवकांना मुद्दाम विषाणू पाजणे. हा आजार सहसा एक ते तीन दिवसांत बरा होतो, म्हणूनच निरोगी प्रौढांवर हे करता येते. त्यांना काही दिवस वेगळ्या कक्षात ठेवतात. इथे एक खुबी आहे. ज्यांच्यात एफयूटी२ हे जनुक निष्क्रिय असते, त्यांच्या आतड्यात ती शर्करा नसते आणि मूळ नॉरवॉक प्रकार त्यांना जवळजवळ बाधतच नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत असे सुमारे २० टक्के असतात. त्यांना आधी लाळ किंवा रक्त तपासून वगळले नाही, तर निष्प्रभ गोळीवालेही निरोगी राहतात आणि लशीचा गुण झाकला जातो.

गोळीची अशी कसोटी झाली आहे. एकूण १४१ जणांना विषाणू दिला. संसर्ग झाला तो निष्प्रभ गटात सुमारे ८२ टक्क्यांना, लस गटात ५७ टक्क्यांना. मलावाटे बाहेर पडणारा विषाणूही लस गटात बराच कमी होता. पण प्रत्यक्ष आजारी पडले ते अनुक्रमे सुमारे ५७ आणि ४५ टक्के, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. आमच्या मते हा निकाल साथ आटोक्यात ठेवण्याच्या दृष्टीने आशादायक आहे, पण 'मला उलट्या होणार नाहीत ना' या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर तो देत नाही. शिवाय ती परीक्षा नॉरवॉक, म्हणजे जीआय.१ प्रकाराची. जगभर बहुतेक साथी अनेक वर्षे जीआयआय.४ प्रकाराने घडवल्या आणि त्याची नवी रूपेही येत राहिली. म्हणून पुढच्या गोळ्यांत दोन्ही प्रकार घालून पाहत आहेत.

प्रश्न : चाचणीत असताना घरच्यांसाठी सॅनिटायझर पुरेल का?

नोरोव्हायरसवर अल्कोहोल कमी पडते, कारण त्याला चरबीचे वेष्टन नसते. साबण आणि वाहते पाणी, निदान २० सेकंद. उलटी झालेली जागा कागदाने टिपून मग ब्लीच : ५ टक्क्यांचे २० मिलि, पाणी घालून १ लिटर केले की १,००० पीपीएम (दहा लाख भागांत १,००० भाग) होते, घाण जास्त असेल तर १०० मिलि घेऊन ५,००० पर्यंत न्या. द्रावण रोज नवे करा, कालचे उतरलेले असते. आणि त्यात शौचालयाचे आम्लयुक्त क्लीनर मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.