टेकडीवरच्या नोंदी आणि मोबाइल

प्रश्न : आठवीचे विद्यार्थी शाळेमागच्या टेकडीवरील झाडांची मोबाइलवर नोंद करणार आहेत. तिथे रेंज नाही. शिवाय, अ‍ॅपने सुचवलेले नाव ग्राह्य धरावे का?

उत्तर : रेंजची चिंता नको, जीपीएस नेटवर्कविना चालते आणि आयनॅचरलिस्ट या जीवसृष्टीच्या नोंदींच्या अ‍ॅपवरील नोंद घरी येऊनही अपलोड करता येते. नाव मात्र केवळ सूचना समजावे. फोटो, तारीख व ठिकाण असलेल्या नोंदीवर किमान दोघांचे आणि ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचे प्रजातीबाबत एकमत झाले, तरच तिला ‘संशोधन दर्जा’ मिळतो. माणसाने लावलेल्या झाडाला, उदाहरणार्थ कुंडीतल्या जास्वंदीला, तो मिळत नाही. फुलाबरोबरच पानाची मागची बाजू आणि खोडही टिपावे. करवंदाचे पान खुडल्यावर येणारा पांढरा चीक फोटोत बहुधा सुटतो, म्हणून खिशात वही हवीच.