वस्तीचा प्रकल्प, वस्तीचा हिशेब : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत तीन बचत गट आहेत. बऱ्याच घरांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण आहेत. आम्ही बायकांनी घरोघरी जाऊन पाहणी केली आणि वहीत नोंदी ठेवल्या. एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागात गेलो, तेव्हा ‘नोंदणीकृत संस्था आणि तीन वर्षांचे काम दाखवा’ असे सांगण्यात आले. आम्ही संस्था काढावी का, आणि पैसे नेमके कशासाठी मागावेत?
— एक वाचक भगिनी, नागपूर

उत्तर : आपल्याला सांगितलेला नियम खरा आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि त्या कामांत आरोग्य येते. मात्र हा खर्च बाहेरच्या संस्थेमार्फत करायचा असल्यास ती संस्था सर्वसाधारणपणे नोंदणीकृत असावी लागते, तिच्याकडे आयकराच्या १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या असाव्या लागतात, तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो आणि सीएसआर-१ हा अर्ज भरून क्रमांक घ्यावा लागतो. म्हणजे आपण उद्या संस्था नोंदवली तरी हे दार लगेच उघडणार नाही.

संस्था नोंदवणे अवघड नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात सभासद पुरतात, आणि आपल्या राज्यात त्यासोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही धर्मादाय कार्यालयात नोंद करावी लागते. अवघड असते ते त्यानंतरचे : दरवर्षीचे लेखापरीक्षण, विश्वस्त बदलले की दाखल करायचा चेंज रिपोर्ट, आयकराचे विवरणपत्र. हे सारे सांभाळणारी एक तरी व्यक्ती आपल्यात तयार होईपर्यंत केवळ एका अनुदानासाठी संस्था काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तोवर पात्र असलेल्या एखाद्या जुन्या संस्थेबरोबर काम करावे, परंतु तोंडी विश्वासावर नव्हे. कोणत्या बाबीवर किती खर्च होईल हे वस्तीतल्या बायकांची समिती ठरवील, आणि दर तिमाहीचा हिशेब वस्तीच्या बैठकीत वाचून दाखवला जाईल, ही दोन वाक्ये करारात लिहून घ्यावीत. ती लिहून द्यायला जी संस्था तयार होत नाही, तिच्या प्रकल्पात आपण केवळ लाभार्थी म्हणून राहाल.

याशिवाय आपल्या वस्तीत महिला आरोग्य समिती आहे का, हे आशाताईंना विचारावे. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात साधारण ५० ते १०० घरांमागे अशी समिती असते आणि तिला वर्षाला ५,००० रुपयांचा अबंधित निधी देण्याची तरतूद आहे. रक्कम लहान आहे, पण तो निधी कसा वापरायचा हे समितीनेच ठरवायचे असते. नीट ठेवलेले पासबुक, ठरावाची वही आणि पावत्या यांच्याइतका चांगला पुरावा पुढच्या कोणत्याही देणगीदारापुढे ठेवता येणार नाही.

आता मागणीविषयी. तपासणी शिबिरासाठी पैसे मागू नयेत, असे मला वाटते. सिकलसेलची तपासणी सरकारी व्यवस्थेत होते, आणि जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने तर आदिवासीबहुल भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. खरी गळती तपासणीनंतर होते. पहिली, सोल्युबिलिटी नावाची चाचणी फक्त रक्तात दोष आहे एवढेच सांगते. माणूस वाहक (स्वतः रुग्ण नसून दोष मुलांकडे जाऊ शकतो असा) म्हणजे एएस आहे की रुग्ण म्हणजे एसएस, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ताची दुसरी चाचणी झाल्यावरच कळते. या दोन चाचण्यांच्या मध्ये किती माणसे थांबून राहिली, ते आपल्या वहीतून मोजता येईल. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. त्यामुळे ही गळती पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते.

माणसे का थांबतात, हे वस्तीलाच माहीत असते. एका बुद्धविहाराच्या ओसरीवर बसून आम्ही नागपूरच्या मेयो या सरकारी रुग्णालयाच्या एका खेपेचा खर्च मांडत होतो. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे मी तीन रकाने आखले होते : ऑटो, औषधे, बुडालेली मजुरी. धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंनी माझ्या हातातले पेन घेतले आणि चौथा रकाना ओढला, ‘सोबत कोण गेलं’. लेकराला घेऊन आई गेली की धाकट्याला सांभाळायला मोठी मुलगी शाळेतून घरी राहते, हे त्या रकान्यात पहिल्यांदा कागदावर आले. आरोग्यातल्या विषमतेचा इतका नेमका हिशेब मी कोणत्याही छापील प्रस्तावात पाहिलेला नाही. आपल्या प्रस्तावाची सुरुवात अशाच तक्त्याने करावी आणि मागणी त्यातूनच काढावी : दुसऱ्या चाचणीपर्यंत सोबत जाणारी बाई, ऑटोचे भाडे, आणि रुग्णालयाच्या दिवशी धाकट्या मुलांना सांभाळण्याची सोय.

प्रश्न : आमची संस्था रामटेक तालुक्यात आहे. परदेशातील एक देणगीदार नागपूरच्या मोठ्या संस्थेला निधी देऊन तो आमच्याकडे वळवण्यास तयार आहेत. चालेल का?

उत्तर : चालणार नाही. परदेशी अंशदान नियमन कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने मिळवलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, दुसरी संस्था नोंदणीकृत असली तरीही. आपल्या स्वतःच्या नोंदणीसाठी तीन वर्षांचे काम आणि त्या काळात मूळ उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपयांचा खर्च दाखवावा लागतो. तोवर ठरावीक देणगीदाराकडून ठरावीक रक्कम घेण्यासाठी पूर्वपरवानगीचा अर्ज करता येतो. कोणी ‘कागदावर वेगळे दाखवू’ असे सुचवल्यास स्पष्ट नकार द्यावा.

प्रश्न : मी निवृत्त परिचारिका आहे. आमच्या प्रस्तावात घरोघरी जाणाऱ्या आठ स्थानिक स्त्रियांचे मानधन होते. ‘वस्ती त्यांचीच आहे, त्यांनी सेवाभावाने करावे, शिवाय प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे’ असे सांगून कंपनीने ती ओळ खोडली. आम्ही काय करावे?

उत्तर : आपले पत्र वाचून फार वाईट वाटले, कारण ही ओळ मी अनेक प्रस्तावांत खोडलेली पाहिली आहे. सल्लागाराचे शुल्क आणि फलकांची छपाई सहज मंजूर होते, पण उन्हातान्हात दारोदार जाणाऱ्या बाईने मात्र आपली मजुरी सोडून यावे अशी अपेक्षा धरली जाते. समाजाने चालवलेला प्रकल्प म्हणजे समाजाकडून फुकट करून घेतलेले काम, असा अर्थ यातून तयार होतो, आणि तो मला मुळीच मान्य नाही. ज्यांच्या घरात रोजची कमाई रोज लागते त्यांनाच विनामूल्य काम सांगितले, तर प्रकल्पच विषमतेत भर घालतो. महिन्या-दोन महिन्यांत त्या बायका नाइलाजाने येईनाशा होतात आणि अहवालात ‘समाजाचा सहभाग कमी’ अशी नोंद होते.

नियमाचा आधारही कंपनीच्या बाजूने नाही. ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनावर केलेल्या खर्चाला. विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्यात धरला जात नाही. घरभेटी हीच आपल्या प्रकल्पाची अंमलबजावणी आहे. तेव्हा ती ओळ ‘मानधन’ या मोघम शीर्षकाखाली न ठेवता ‘घरभेटी व पाठपुरावा’ अशी कामाच्या नावाने लिहावी, तिच्यात महिन्याच्या भेटींची संख्या आणि प्रत्येक भेटीचा दर मांडावा, आणि वरील तरतुदीचा उल्लेख करून लेखी पत्र द्यावे. तोंडी चर्चेत ही बाब पुन्हा सेवाभावावर जाते. लेखी पत्राला नियमानेच उत्तर द्यावे लागते.

तरीही रक्कम कमी करण्याचा आग्रह झाला, तर भेटीचा दर कापू नये. आठ वस्त्या असतील तर पाच घ्याव्यात, आणि कोणत्या तीन पुढच्या वर्षी घ्यायच्या हे त्या आठ जणींनाच ठरवू द्यावे.