लिहिताना हात आखडतो, पण एमआरआय नॉर्मल आला. मग दुखणं मेंदूत आहे की मनात?

मेंदूत आहे. अगदी खात्रीने सांगते, कारण मी त्यातून गेले आहे.

तुम्ही लिहिलंय की पेन धरलं की बोटं आवळतात, पण कप, मोबाईल, कात्री सगळं नीट हाताळता येतं. मी शाळेत शिकवते. पेपर तपासताना तर्जनी पेनवर इतकी दाबली जायची की नख पांढरं पडायचं, मनगट आत वळायचं. फळ्यावर खडूने मात्र सरसर लिहायचे. ‘टेन्शन आहे, दुसरं काही नाही,’ असं मला पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं. पुढे याच फरकावरून निदान झालं: रायटर्स क्रॅम्प, म्हणजे ठरावीक कामापुरताच उमटणारा डिस्टोनिया (स्नायू आपोआप आखडून अवयव वळण्याचा आजार). लंडनच्या शीही आणि मार्सडन या डॉक्टरांनी 1982 सालीच लिहून ठेवलंय की हा मानसिक आजार नाही, डिस्टोनियाच आहे.

एमआरआय काढतात तो गाठ, पक्षाघाताची खूण, तरुण पेशंट असेल तर विल्सनचा आजार, असलं काही नाही ना हे बघायला. ते निघालं नाही, फार बरं झालं. पण त्या फोटोत मेंदूची रचना दिसते. बिघाड आहे कामात.

काम दिसतं फंक्शनल एमआरआयमध्ये. डोकं जराही न हलवता बोगद्यात पडून लिहायचं किंवा बोटं आपटायची. रक्तातल्या ऑक्सिजनच्या फरकावरून कुठला भाग कामाला लागला ते कळतं. स्पर्श आणि हालचाल सांभाळणारे वरचे भाग, आतली बेसल गँग्लिया (हालचालींवर ताबा ठेवणारी केंद्रं) आणि लहान मेंदू, या सगळ्यांत निरोगी माणसांपेक्षा फरक आढळलाय, कुठे जास्त तर कुठे कमी. मला सगळ्यात पटला तो बोटांचा नकाशा. मेंदूत प्रत्येक बोटाच्या स्पर्शाची वेगळी जागा असते. 1998 च्या मोजण्यांमध्ये, वाजवताना बोटं आखडणाऱ्या वादकांत आणि लिहिताना हात आखडणाऱ्यांतही, या जागा एकमेकींच्या जवळ सरकलेल्या दिसल्या. एक बोट हलवायला जावं आणि शेजारचंही आवळावं, हे मी रोज बघत होते.

तरी हे स्कॅन करून घ्यायच्या मागे लागू नका. हे फरक गटांच्या सरासरीतले आहेत, एकट्या माणसाचं निदान त्यावरून होत नाही. हालचालींचे आजार बघणारा न्यूरोलॉजिस्ट शोधा. माझ्या डॉक्टरांनी मला डाव्या हाताने लिहायला लावलं, तर टेबलावर नुसता ठेवलेला उजवा हात आपोआप वळू लागला. त्यांना तेवढं पुरलं. आता दर तीन-चार महिन्यांनी कोपर ते मनगट या भागातल्या स्नायूंत बोटॉक्सचं (स्नायू सैल करणारं) इंजेक्शन घेते, जाड पेन वापरते. जाताना तुमचं रोजचं पेन आणि वही न्या, आणि त्यांच्यासमोर पानभर लिहून दाखवा.